पुनवेची ओहोटी

आमच्या कंपनीच्या पत्रकावर ‘वाळवंटातलं वर्षावन’ असं छापलं आहे. अर्ध्या दिवसाची सफर, बोट, गाईड, थंड पाणी. माणशी दोनशे वीस दिरहम. मी बुकिंगच्या टेबलावर बसतो. बोट तुकाराम कुबल चालवायचे.

पत्रक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा ते म्हणाले होते, "वर्षावन म्हणे. हय दोन थेंब पडले तर शाळेक सुट्टी देतत."

ते मालवणकडचे, खाडीकाठचे. वय बावन्न. अकरा वर्षं अबुधाबीच्या खारफुटीत. ही झाडं त्यांच्या गावच्या तिवरांसारखीच आहेत, फक्त बुटकी. पानांच्या मागे मिठाचे कण असतात. कुबलकाका पर्यटकांना पान चाटायला लावायचे. पर्यटक तोंड वाकडं करायचे. "ट्री स्वेट, सर," काका म्हणायचे, "सेम लाइक मी." त्यांचं इंग्रजी एवढंच होतं, आणि ते पुरायचं. बाकीचं बोटाने दाखवायचे. खेकडा कुठे बसलाय, रोहित पक्षी कुठे उतरलेत, कुठल्या वळणावर वाळू चढली आहे.

मी पुण्याहून मराठीत एम. ए. करून इथे आलो. बुकिंगच्या टेबलावर त्याचा काही उपयोग नाही. काकांनी पहिल्याच दिवशी मला मास्तर करून टाकलं. पुढे मी खरंच मास्तर झालो. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जाऊन शुभ्राला इंग्रजीचे निबंध शिकवायचो. शुभ्रा त्यांची मुलगी. बारावीला आहे, सायन्सला. एका व्हिलाच्या मागच्या खोलीत ते तिघं राहायचे, काका, काकू आणि ती. तिचं टेबल म्हणजे कपड्यांच्या बॅगेवर ठेवलेली फळी. काका जेवायला बसले की ती फळी भिंतीला टेकवायची.

मार्चमध्ये तिची परीक्षा. काकांचा सगळा हिशेब मार्चपर्यंतचा होता. त्यानंतर काय, असं विचारलं की म्हणायचे, "मगे काय ता होऊंदे."

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्यांच्या नावावर एक लेखी ताकीद होती. गेल्या हिवाळ्यात एका पर्यटकाने पक्ष्यांना वेफर्स टाकले. राखीव क्षेत्रात पाण्यात काहीही टाकायला मनाई आहे. बोटीवर कोणीही काहीही केलं तरी जबाबदार गाईड. दुसरी चूक झाली की परवाना रद्द. परवाना गेला की नोकरी जाते, नोकरीबरोबर व्हिसा, आणि बापाच्या व्हिसाबरोबर मुलीचा. हे त्यांना पाठ होतं. मलाही.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा आली. इथल्या मराठी मंडळाच्या विभावरीताईंनी आठ जणांचं बुकिंग केलं. सकाळी सहा ते दहा. उन्हाळ्यात त्यानंतर कोणी पाण्यावर राहत नाही. माणसं आपलीच म्हणून मीही बोटीवर गेलो.

विभावरीताई नऊवारी नेसून आल्या होत्या. वर केशरी लाइफ जॅकेट. बरोबर त्यांचे सासरे सदानंद आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर, दहा वर्षांची मुलगी केया, आणि मंडळातली आणखी पाच माणसं. सगळे खुशीत होते. काका गोष्टी सांगत होते. केयाने पान चाटलं आणि म्हणाली, "इट्स लाइक चिप्स." सगळे हसले.

साडेआठच्या सुमारास विभावरीताईंनी पिशवीतून नारळ काढला. सोनेरी कागद लावलेला, हळदकुंकू वाहिलेला. घरून पूजा करूनच आणला होता.

काकांचा हात सुकाणूवर थांबला.

"ताई, हा इथे चालत नाही," ते म्हणाले. "मनाई आहे."

"अहो कुबल, एक नारळ. प्लास्टिक थोडंच आहे? आणि इथे बघतंय कोण?"

"तसं नाही. माझं परमिट आहे."

"बरं, राहू दे मग. घेऊन जाऊ परत." त्यांनी नारळ पुन्हा पिशवीत ठेवायला घेतला. रागावल्या नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

काका म्हणाले, "थांबा."

मला तेव्हा कळलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं. पूजलेला नारळ होडीवर आला की तो दर्याचा. तो माघारी न्यायचा नसतो. नेला तर होडी चालवणाऱ्यावर येतं. त्यांचे वडील असं मानायचे, वडिलांचे वडीलही. विभावरीताईंच्या घरात होडी नव्हती. त्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

काकांनी इंजिन बंद केलं. चपला काढल्या. नारळ दोन्ही हातांत घेतला. टाकला नाही, वाकून पाण्यावर ठेवला. ओठ हलले. मग हात जोडले.

नारळ बुडेल असं मला उगाच वाटलं होतं. नारळ बुडत नाही. पाण्याला ओढ लागलेली होती. तो हळूहळू निघाला, मग भराभर. सोनेरी कागद उन्हात लखलखत होता. लांबूनही दिसला असता. पुढे पिवळा दोर बांधलेला खाडीचा फाटा होता. पक्षी अंडी घालतात म्हणून तो बंद ठेवतात. नारळ दोराखालून आत गेला.

काकांनी मागे वळून पाहिलं. गस्तीची बोट सकाळी दहानंतर या बाजूने येते.

"मास्तर, तो काढूक होयो," ते म्हणाले.

"राहू दे ना काका. मुळांत अडकेल."

"कागद चमकता. बघतले. आज हय आमचीच बोट आसा."

त्यांनी दोर उचलला आणि बोट आत घातली. इंजिन वर उचलून, बांबूने रेटत. वीस हात गेलो असू. नारळ पुढच्या मुळांत अडकला होता, स्पष्ट दिसत होता. मग बोटीखाली चर्र आवाज झाला आणि बोट थांबली.

बांबू टेकला, रुतला, पण बोट हलली नाही. काका पाण्याकडे बघत राहिले. आमच्यापेक्षा त्यांना आधी कळलं. तिवरांच्या खोडांवरची ओली रेघ वर राहत चालली होती. पाणी खाली जात होतं.

"भरती कधी आहे?" मी विचारलं.

"पाचाक."

तेव्हा नऊ वाजायचे होते.

"पुनव हा आज," ते हळू म्हणाले. "भरती मोठी, ओहोटी त्याच्याहून मोठी." जणू मला शिकवत होते.

मी फोन काढला. त्यांनी माझं मनगट धरलं. "पंधरा मिनिटां दी."

ते चिखलात उतरले. मांडीपर्यंत गेले. मीही उतरलो, मंडळातले दोघं उतरले. खांदा लावून ढकलायला लागलो. चिखल खालून गरम होता. बोट इकडची तिकडे झाली, मागे आली नाही. पंधरा मिनिटं संपली. काका म्हणाले, "अजून एकदा." माणसं उतरवली, सामान उतरवलं, आजोबांना आणि केयाला तेवढं बोटीवर ठेवलं. पुन्हा ढकललं. आता बोटीभोवती पाणीच नव्हतं. पेन्सिलीसारखी हजारो मुळं चिखलातून वर आली होती. त्यांच्यावर पाय पडला की टोचत.

साडेनऊला एक्केचाळीस अंश होतं. वारा नव्हता. कूलरमधल्या बाटल्या संपल्या. विभावरीताई पदराने सासऱ्यांना वारा घालत होत्या. केया दोनदा म्हणाली, "मम्मा, आय वॉन्ट टू गो होम." मग तिने बोलणं सोडलं.

"फोन करा," विभावरीताई म्हणाल्या. "कुबल, तुम्ही फोन का करत नाही?"

"पाच मिनिटं, ताई."

"पाच मिनिटांनी काय होणार आहे?"

काका हातांनी बोटीमागचा चिखल उपसत होते. चर खणून पाणी आणायचं होतं बहुतेक. उपसलेली जागा लगेच भरत होती. त्यांचं तोंड मी ओळखलं नसतं. सगळ्या तोंडाला चिखल होता, त्यातून घाम वाट काढत होता. ते स्वतःशी पुटपुटत होते. मी जवळ गेलो. ते महिने मोजत होते. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर.

मग सदानंद आजोबा बाकावर आडवे झाले. झोपल्यासारखे. त्यांना घाम येत नव्हता. काकांनी पाहिलं आणि खणायचं थांबवलं. बोटीच्या काठाला धरून वर आले, आजोबांच्या गालाला हात लावला. हात चिखलाचा होता म्हणून उलटा लावला.

"मास्तर, फोन दी."

मी नंबर लावून दिला. त्यांनी हिंदीत सगळं नीट सांगितलं. बंद फाट्याचा नंबर, आत किती, माणसं किती, एक म्हातारा, एक लहान मूल, सपाट तळाची बोट पाठवा, बर्फ आणा. आवाज स्थिर होता. फोन परत देताना म्हणाले, "खलास."

वीस मिनिटांत मदत आली. ती वीस मिनिटं मी लिहू शकत नाही. आजोबा वाचले. त्यांना सलाईन लावून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. हे खरं आहे आणि चांगलं आहे.

मदतीच्या बोटी दिसल्या तेव्हा मी काकांच्या कानाशी गेलो. म्हणालो, "इंजिन बंद पडलं म्हणून सांगा. बंद पडलं आणि ओढीने आत आलो. त्यात तुमची चूक नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असा म्हणू?"

"असंच म्हणा."

मी शिकलेला. मला कायद्यातली फट दिसली होती. काकांनी मान हलवली.

अधिकारी तरुण होता, स्थानिक. आधी माणसं हलवली, सगळ्यांना पाणी दिलं. काकांनाही दिलं. मग हिंदीत विचारलं, "चाचा, इधर कैसे आए?"

"इंजन बंद हो गया, साब. पानी खींच के लाया."

त्याने मान डोलावली. कागदावर लिहिलं. त्याच्या माणसांनी दोर लावून आमची बोट मागे, खोल पाण्यात ओढली. एक जण बोटीवर चढला. इंजिन खाली सोडलं आणि दोरी ओढली.

इंजिन पहिल्याच ओढीत सुरू झालं.

होणारच. काका दर शुक्रवारी ते उघडून पुसायचे. अकरा वर्षांत ते एकदाही बंद पडलं नव्हतं. हे मला माहीत होतं. फट शोधताना मला ते आठवलं नाही.

इंजिन चालू राहिलं. कोणी बंद करेना. अधिकाऱ्याने काकांकडे पाहिलं. रागाने नाही. मग त्याच्या माणसाने आकडीने मुळांतून तो नारळ काढून आणला. कागद अर्धा सुटला होता.

"ये क्या है?"

काकांनी नारळाकडे पाहिलं. विभावरीताई दुसऱ्या बोटीत सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी ऐकलं. मी पुढे झालो नाही.

"मेरा है, साब," काका म्हणाले. "पूजा का. मैंने रखा पानी में. ये लोग को मालूम नहीं था."

अधिकारी थोडा वेळ लिहीत राहिला. शेवटी म्हणाला, "चाचा, पहले ये बोलते. आदमी को बचाने के लिए आपने खुद फोन किया, मैं वो लिखता. अब झूठ भी लिखना पड़ेगा."

नवव्या दिवशी परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. चार कारणं होती. चौथं होतं, चौकशीत खोटी माहिती दिली. मॅनेजरने ते माझ्याच टेबलावर ठेवलं, व्हिसा रद्द करण्याचे कागद मीच भरतो म्हणून.

मी विभावरीताईंकडे गेलो. शुभ्रा त्यांच्याकडे मार्चपर्यंत राहिली तर काही मार्ग निघेल का, त्यांच्या यजमानांच्या ओळखी आहेत, असं बोललो. त्यांनी चहा दिला. त्यांचे डोळे भरले होते. "नारळ मी आणला होता, हे मी लिहून देईन," म्हणाल्या. दिलंही. आम्ही ते पत्र जोडलं. उत्तर आलं, निर्णय गाईडच्या वागण्याबद्दल आहे, प्रवाशांच्या नाही. शुभ्राबद्दल म्हणाल्या, यांच्याशी बोलून सांगते. मग त्यांनी सांगितलं की मोठ्या मुलीला सांभाळायची जबाबदारी घ्यायला हे तयार नाहीत. मला राग आला नाही. मी स्वतः एका खोलीत तिघांबरोबर राहतो.

काकांना मी सगळं सांगितलं. फट शोधताना इंजिन आठवलं नाही, हेही. म्हणालो, "माझ्यामुळे झालं."

ते पत्र्याच्या पेटीला दोरी बांधत होते. "तू सांगलंस. बोललंय मी."

"काका, तुम्ही मला शिव्या द्या."

"दिवन काय होतला?" ते म्हणाले. "ही गाठ धर."

मी गाठीवर बोट ठेवलं. त्यांनी गाठ आवळली.

काकांच्या गावाजवळच्या तीन शाळांना मी फोन केले होते. एकीत सायन्स नव्हतं. दुसरी म्हणाली, बारावीची नावं बोर्डाकडे गेली, पुढच्या वर्षी या. तिसरीतल्या बाई म्हणाल्या, मुख्याध्यापक आले की विचारते, आणि फोन नंबर लिहून घेतला. त्यांचा फोन आलेला नाही.

शुभ्रा फळीशी बसून केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या वहीला कव्हर घालत होती. अठरा प्रयोग झाले होते. प्रत्येकावर बाईंची लाल सही.

"सर," तिने विचारलं, "विल दे अ‍ॅक्सेप्ट धिस देअर?"

काकूंनी हातातलं काम थांबवलं. काकांनी पेटीवरून मान वर केली नाही, पण तेही थांबले. तिघं माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि कव्हरची दुसरी बाजू दुमडली.