वड नाही, निंब

कुही तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांतून नागपूरला शिकायला आलेले प्रेमानंद गजभिये वनस्पतिशास्त्र विभागात चिकटले ते तेहतीस वर्षं. शोधनिबंध किती लिहिले ते विचारू नका, पण निरोपाची भाषणं केली एकोणीस! विभागात कुणी रिटायर झालं की भाषण गजभिये सरांचंच. बाकीच्यांना बोलता येत नव्हतं आणि सरांना गप्प बसता येत नव्हतं.

पहिल्याच भाषणात ते म्हणाले होते, "सर म्हणजे या विभागाचा वटवृक्ष!" कडाडून टाळ्या पडल्या. मग काय, पुढचे अठराही वटवृक्षच झाले. एक महाशय तर आठवड्यातून दोनदा सही करायला तेवढे उगवायचे, तेही वटवृक्ष. अहो, वनस्पतिशास्त्राच्या माणसाला दुसरं झाड आठवू नये?

यंदा एप्रिलअखेर पाळी आली खुद्द सरांची. सरांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांची बायको सरिता पहिल्यांदाच विभागात येणार होती. "मी नसलो तं डिपार्टमेंट बसून जाते," हे तिनं तेहतीस वर्षं जेवताना ऐकलं होतं आणि दर वेळी "बरं" म्हणून पोळी वाढली होती. आता कुणीतरी आपल्याबद्दल एक तरी खरा, चांगला शब्द बोलावा आणि तो सरितानं ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

भाषण होतं मयुराकडे. सरांचीच विद्यार्थिनी, आता विभागात शिकवणारी. "सर, मले तं काहीच सुचून नाही राहिलं," ती आठवडाभर आधी म्हणाली होती. सर ऐटीत म्हणाले, "माझी भाषणांची जुनी फाईल आहे ना, पाहून घे." पोरीनं पाहिली. त्यातल्या एका भाषणातलं नाव बदललं आणि ते तसंच छापून आणलं.

"गजभिये सर अत्यंत मितभाषी," मयुरानं सुरुवात केली. मागच्या रांगेत कुणाला तरी जोराचा ठसका लागला. "पहाटे उठून तबला वाजवणं हा सरांचा आवडता छंद..."

तबला होता दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या नानाजी सरांचा! सरिता सरांच्या कानाशी वाकली. "तबला? घरी तं कुकरच्या शिट्ट्याही मोजता येत नाही तुमाले."

सरांना घाम फुटला. पुढचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होतं. आणि आलंच ते. "सर म्हणजे या विभागाचा वटवृक्ष!" टाळ्या पडल्या. पेरलं तेच उगवलं होतं, तक्रार करणार कुणाकडे? सरांना फार वाईट वाटलं.

पंचेचाळीस डिग्रीत पांघरायची शाल घेऊन विभागातला परिचर रुपराव पुढे आला. सरांच्या खांद्यावर शाल टाकली आणि तिथंच उभा राहिला.

"वड कोणता वं, मयुरा मॅडम? आपल्या इथं वड नाही. मागं निंब आहे. सरनं नोकरीच्या पहिल्या साली लावला. लावला फक्त. पाणी म्या टाकलं."

हॉल हसला. सर शालीत आणखीच शिजले.

"पण रोज सकाळी सात वाजता सर इचारत, रुपराव, पाणी टाकलं का गा? सुट्टीच्या दिवशी फोनवर. माही बायको दवाखान्यात होती तवा दवाखान्यात येऊन इचारलं, अन् मंग दिवसभर बसून राहिले तिथंच. आता तो निंब दोन माळ्यांएवढा झाला, त्याले पाणी लागत नाही. सरले काय हे ठाऊक नाही? पण ते इचारतेत, म्हणून मी टाकतो. बस, एवढंच."

सरिता पदरानं डोळे पुसत हसत होती. "हे खरं आहे भाऊ," ती मोठ्यानं म्हणाली. "घरीही कुंड्यांले पाणी माह्यं, अन् इचारणं यांचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पावणेसातलाच आंघोळ करून बसले. जायचं कुठं? सात वाजले. फोन हातात घेतला, ठेवला. आता आपण कोण विचारणारे?

सात वाजून पाच मिनिटांनी फोनच वाजला. पलीकडे रुपराव वैतागला होता.

"सर, इचारा ना लवकर! बादली भरून कवाचा उभा आहो मी."