कुंदाबाईंचे दहा पापड

पेणच्या आमच्या आळीतल्या कुंदाबाई तीस वर्षं पोह्याचे पापड लाटतायत. लाटणं थांबलं तरी जीभ थांबत नाही, हे अख्खी आळी जाणते. त्यांच्या पापडाच्या कारखान्यात रोह्याहून नवे साहेब आले. त्यांनी प्रत्येक बाईचा एकेक पापड मापला आणि कुंदाबाईंचा सगळ्यांत जाड निघाला.

"मावशी, उद्यापासून लाटायचं नाही. पॅकिंगला बसा."

बाकीच्या बाया खाली मान घालून बसल्या. कुंदाबाई मात्र पोळपाटाला चिकटूनच राहिल्या. "एक पापड मापून अख्खा हात मापलात व्हय? माझे दहा मापा. या विमलचे पन दहा मापा!"

साहेबांनी चिडून मापले. कुंदाबाईंचे काही कागदासारखे निघाले, काही जाडजूड. ज्या विमलला पातळ पापडासाठी साहेबांनी शाबासकी दिली होती, तिचेही तसेच. एकेकीच्याच हातात एवढा फरक, की दोघींमधला फरक शोधायला साहेबांना चष्मा पुसावा लागला.

"आता सांगा, जाड कोन लाटते?"

"असं असेल तर रोज दहा-दहा मापावे लागतील," साहेब पुटपुटले.

"मापा की! मी कुठं उठतेय?" म्हणत कुंदाबाईंनी पुढची लाटी पोळपाटावर आपटली.