कृष्णराजचं सोनेरी पेडल

कृष्णराजला गिटार वाजवता येत नाही, असं नाही. येत नसती तर लोक एकदाच हसले असते आणि विसरले असते. त्याला थोडी येते. तेवढ्या थोड्यावर त्यानं बारा वर्षं धाराशिवमध्ये मोठा कलावंत म्हणून काढली.

तो एका सरकारी कचेरीत कनिष्ठ सहायक आहे. वय चौतीस. पुण्याला डिप्लोमा करायला गेला होता. डिप्लोमा तिथंच राहिला, गिटार तेवढी घेऊन आला. तेव्हापासून तो गिटार कमी वाजवतो आणि टोन, म्हणजे आवाजाचा पोत, जास्त शोधतो. वाजवायला बोटं झिजवावी लागतात. टोन शोधायला मोबाइल पुरतो.

"टोन हा बोटांत असतो," असं तो घरी आलेल्याला डोळे अर्धे मिटून सांगतो. आलेला माणूस चपला घालेपर्यंत नव्या तारा मागवून झालेल्या असतात.

त्याच्याकडे व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प आहे, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा खोका, पंधरा वॅटचा. त्यावर गेनचं बटण असतं. ते पिळावं तसा आवाज तापत जातो, फाटत जातो आणि एका जागी गायला लागतो. कृष्णराजचा अ‍ॅम्प गेन शेवटपर्यंत पिळला तरी नुसता घसा खाकरायचा. म्हणून ओव्हरड्राइव्ह पेडल हवं होतं. म्हणजे पायानं दाबायचा लोखंडी डबा, साबणाच्या वडीहून जरा मोठा. तो गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे बसतो, गिटारीचा आवाज मागून जोरात ढकलतो, आणि अ‍ॅम्पला कंठ फुटतो. डब्यावर तीन बटणं. ड्राइव्ह, म्हणजे डबा स्वतः किती गुरगुरणार. टोन, म्हणजे आवाज किती धारदार. आणि लेव्हल, म्हणजे पुढं किती जोरानं ढकलणार. कुणीही एका दुपारी निवडावा असा ऐवज. कृष्णराजला सात महिने लागले.

त्या सात महिन्यांत त्यानं कचेरीतल्या शिपायालासुद्धा 'मिड फ्रिक्वेन्सी' समजावून सांगितली. घरी तो अ‍ॅम्पचा आवाज दोनवर ठेवून, खिडक्या लावून, कूलर बंद करून, श्वास धरून ऐकायचा. खाली घरमालकीण गिरिजाबाई राहतात. त्या जिन्यातून ओरडायच्या, "कृष्णराज, मिक्सर बिघडला का रे तुझा?"

"काकू, गिटार आहे ती!"

"मग ती बिघडली का?"

तो खिडकीला उशी लावायचा.

हा शोध असाच मरेपर्यंत चालला असता. पण अणदूरच्या गोरोबांचा फोन आला. गोरोबांची बँजो पार्टी. टेम्पोवर जनरेटर, कर्णे, दोन हलग्या, एक ताशा, आणि टपाजवळच्या पुढच्या जागेवर मांडीवर बँजो घेतलेले गोरोबा. आसपासच्या चाळीस गावांत नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला, की त्याच्या पुढं त्यांचा टेम्पो. त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. परण्यात नाचणारे थांबले की पार्टीची इज्जत गेली. गेल्या वर्षापासून गोरोबांची डावी बोटं आखडायला लागली होती. पुढच्या जागेवर माणूस पाहिजे होता. त्यांची मुलगी शिवांजली बँजो वाजवते, पण तिचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. तिच्यावर भार नको म्हणून गोरोबांनी बाहेर विचारलं.

कृष्णराजनं लगेच हो म्हटलं नाही. "बघतो, वेळ काढावा लागेल," म्हणाला आणि फोन ठेवून खोलीत दोन उड्या मारल्या. बारा वर्षांत त्याच्या गिटारीवर कुणी मानसुद्धा डोलवली नव्हती. आता लोक नाचणार होते, आणि तो पुढं उभा राहणार होता. त्यासाठी त्यानं काहीही केलं असतं. शिकणं सोडून.

रविवारी तो गिटार, अ‍ॅम्प आणि पुण्याच्या मित्राच्या दुकानातून पसंतीसाठी मागवलेली तीन पेडलं घेऊन अणदूरला उतरला. एक हिरवं, एक काळं, एक सोनेरी. गोरोबांच्या ओट्यावर त्यानं ती रुमालावर अशी मांडली, की चहा घेऊन आलेली शिवांजली म्हणाली, "दादा, पूजा सांगितलीय का?"

"ही पेडलं आहेत. आज यातलं एक ठरवायचंय."

गोरोबांनी हिरवं पेडल हातात घेऊन वजन बघितलं. "मंग चला गिरणीवर."

"कुठं?"

"पिठाच्या गिरणीवर. आमी कर्णा घेतला, बँजो घेतला, तर आधी गिरणीच्या दारात वाजवून बघतो. दळण चालू असताना समोरच्या घरातल्या माणसाला चाल वळखू आली, की घ्यायचं. न्हाय आली की वापस."

कृष्णराज हसला. ते हसू त्याचं खास आहे. ओठ मिटलेले, नाकातून थोडी हवा. "गोरोबामामा, हे फार नाजूक काम असतं. शांततेत ऐकावं लागतं."

"परण्यात कोन शांत बसनार हाय, सायेब?"

"तो भाग वेगळा. आधी टोन."

गिरणी राहिली. कृष्णराजनं आतल्या खोलीत दार लावून तिन्ही पेडलं वाजवली. पंखा बंद करायला लावला. बाहेर शेळी ओरडली, तर थांबून, दार उघडून तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं तिकीट काढलेलं नव्हतं.

"हिरवं चांगलं वाटतंय," शिवांजली दारातून म्हणाली.

"हिरवं नाकात बोलतं."

"नाकात बोललेलंच लांब जातं, दादा. आमची आत्या बोलली की शाळेपर्यंत ऐकू येतंय."

"तू बँजो वाजवतेस ना? मग असू दे. याला कान लागतो."

ती कप उचलून आत गेली. तिचा कान कसला आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. कृष्णराजला विचारायचं सुचलं नाही.

त्यानं सोनेरी घेतलं. का, तर ते 'पारदर्शक' होतं. म्हणजे आवाजात आपलं काही मिसळत नाही, असं परदेशातल्या एका दाढीवाल्यानं व्हिडिओत सांगितलं होतं. दाढीवाल्याच्या खोलीतही हलगी नव्हती.

पुढच्या गुरुवारी गावातच लग्न होतं. नवरदेव रेवणसिद्ध, मुहूर्त दुपारी बारा सदतीसचा. दहाला परण्या निघाला. कृष्णराजनं काळा शर्ट, काळा चष्मा, उन्हात काळीच जीन्स घातली होती. टेम्पोच्या पुढच्या जागेवर तो पाय फाकवून उभा राहिला. मागं शिवांजली बँजो मांडीवर घेऊन बसली, नुसती साथीला. गोरोबा खाली, जनरेटरशेजारी.

पेडलवरचं ड्राइव्ह पूर्ण, लेव्हल निम्मं, अ‍ॅम्पचा गेन एकदम खाली. सात महिन्यांच्या तपश्चर्येचं हे फळ. सगळी गुरगुर पेडलनंच करायची, अ‍ॅम्पनं हात लावायचा नाही. खिडकीला उशी लावलेल्या खोलीत ते मधासारखं वाजलं होतं.

हलगी कडाडली. ताशा तडतडला. कृष्णराजनं पहिली तान मारली, मान मागं टाकली, डोळे मिटले.

कुणालाच काही ऐकू आलं नाही.

म्हणजे काहीतरी होतं. चटणी भाजताना शेजारच्या घरातून येतो तसला एक चरचराट. नवरदेवाचे मित्र दोन मिनिटं हलगीवर नाचले, मग हळूहळू उभे राहिले. एकानं टेम्पोकडे हात केला, "ओ, चालू करा की!"

कृष्णराज डोळे मिटूनच होता.

"ओ चष्मेवाले! मशीन चालू करा!"

"चालूच हाय ते!" ताशेवाला ओरडला.

"मंग ऐकू का येईना?"

घोड्यामागून नवरदेवाची आत्या चन्नम्मा पुढं आली. ठेंगणी, गोल, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिनं कमरेवर हात ठेवले. "गोरोबा, नाचनारी पोरं सावलीला चाललीत बग. ह्यो मानूस कशाला उबा केलाय? फोटूला?"

गोरोबा टेम्पोवर चढले. काही न विचारता पेडलपुढं उकिडवे बसले.

"मामा, हात लावू नका! सेटिंग आहे ती."

"सायेब, तुमी कधी जीप ढकलली का?"

"काय?"

"जीप. बंद पडलेली. ढकलनाऱ्यानं वरडायचं नसतं, जोर लावायचा असतो. वरडायचं काम इंजिनाचं. तुमचा हा डबा नुसता वरडायलाय. जोर कुठाय?"

असं म्हणत त्यांनी आखडलेल्या बोटांनी ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणलं. लेव्हल शेवटाला नेलं. टोन उजवीकडे. मग वळून अ‍ॅम्पचा गेन वर चढवला.

"वाजवा."

कृष्णराजनं चिडून एक तार छेडली. अ‍ॅम्प गरजला. हलगीच्या वरून, ताशाच्या मधून तो स्वर असा सरळ निघाला की घोड्यानं कान टवकारले. सावलीला गेलेली पोरं पळत परत आली. चन्नम्मानं कमरेवरचे हात काढले आणि भाचीच्या खांद्यावर ठेवून ठेका धरला.

पुरती चार मिनिटं धाराशिवचा हा कनिष्ठ सहायक जे मागत होता, ते त्याच्यापुढं उभं होतं. पन्नास माणसं त्याच्या बोटांवर नाचत होती. मागून शिवांजली ओरडली, "सुटलाव दादा, थांबू नका!"

तो थांबला.

वाकला. ड्राइव्ह पूर्ण, लेव्हल निम्मं, गेन खाली. पुन्हा सगळं जसंच्या तसं.

"ओ सायेब! काय करायलाव?"

"नाकात बोलायला लागलं होतं, मामा."

"अवो पण नाचायलीत की मानसं!"

"माणसांना काय कळतंय?" कृष्णराज म्हणाला. "त्यांना टोन कळतो का?"

हे वाक्य हलगीच्या दोन थापांच्या मधल्या शांततेत पडलं, आणि टेम्पोभोवतीच्या सगळ्यांना नीट ऐकू गेलं. दिवसभरात त्याचं एवढं एकच लांबवर पोचलं.

नाचणारे उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही. चन्नम्मा नुसती गोरोबांकडे बघत राहिली, आणि ते शिवीपेक्षा वाईट होतं. गोरोबांनी मुलीकडे बघितलं. शिवांजली उठली, पुढं आली, कृष्णराजच्या गिटारीतली वायर काढली आणि आपल्या बँजोला लावली. त्याला विचारलं नाही. पेडलची बटणं बापानं केली होती तशी फिरवली आणि गेन परत वर चढवला.

"ते माझं आहे," कृष्णराज म्हणाला.

"व्हय दादा. मारुतीपासून वापस आल्यावर न्या."

तो खाली उतरला. धाराशिवची एसटी पकडून जावं, असं त्याच्या मनात आलं असणार. पण अ‍ॅम्प टेम्पोवर, पेडल टेम्पोवर, आणि टेम्पो चाललेला. मग तो गिटार पाठीला लावून जनरेटरच्या धुरातून परण्याच्या मागं मागं चालत राहिला. पुढं त्याचा अ‍ॅम्प बारा वर्षांत पहिल्यांदा गात होता, आणि सगळी गल्ली नाचत होती.

मारुतीच्या देवळापुढं नवरदेव घोड्यावरून उतरला, पायातली मोजडी काढून आत गेला. ती पळवायला नवरीकडच्या करवल्या टपूनच होत्या. चन्नम्मानं चपळाईनं मोजडी उचलली आणि ठेवायला सुरक्षित जागा शोधू लागली. सगळे नाचत होते. एकच माणूस मोकळा होता.

"ओ पाव्हनं, रिकामेच हाव न्हवं? ह्ये धरा. पोरी पळवत्यात."

"मी कलाकार आहे," कृष्णराज म्हणाला.

"बरं. दोनी हातानं धरा."

त्यानं धरली. उन्हात, काळ्या चष्म्यात, रेवणसिद्धची जरीची मोजडी छातीशी घेऊन तो उभा राहिला. टेम्पोवर शिवांजलीनं चाल वरच्या पट्टीत नेली. कृष्णराजचा उजवा पाय आपसूक ठेका धरायला लागला. ते ध्यानात येताच त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि पाय थांबवला.