तिसरे कोटेशन

बारा सप्टेंबरला सकाळी त्याने बँकेतून एकतीस हजार चारशे रुपये काढले. मोजताना दोनदा चुकला. हे पैसे आठवड्यापूर्वीच काढायला हवे होते, एवढेच डोक्यात फिरत होते.

रंगाच्या कारखान्याच्या खरेदी विभागात त्याची सगळी नोकरी गेली. तिथे नियम एकच होता, तीन ठिकाणची कोटेशने हातात आल्याशिवाय खरेदी नाही. साहेब बदलले, मालक बदलले, पण तो नियम त्याच्या अंगात मुरला तो मुरलाच. घरातली गादी, मिक्सर, अगदी न्हाणीघरातली बादलीसुद्धा तीन दुकानांत भाव काढून आलेली. कारखान्यात त्याला कोटेशनमास्तर म्हणत, आणि ते त्याला आवडायचे.

"लग्नाच्या वेळी किती कोटेशनं घेतली होतीत?" बायको अधूनमधून विचारायची.

"एकच."

"म्हणूनच फसलात."

लॅपटॉप तिला हवा होता. मधुमेहाने तिचा उजवा डोळा आधीच गेला होता. सगळा कारभार डाव्यावर चालला होता. धाकटी बहीण दूरच्या शहरात मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायच्या, पण फोन नाकाला लावला तरी हिला तिचा चेहरा नीट दिसत नसे.

"ही बहीण आहे की पोस्टाचं तिकीट?" ती एकदा वैतागून म्हणाली. "अहो, एक लॅपटॉप घेऊ या. महागाचा नको. हिचं तोंड नीट दिसलं म्हणजे झालं."

डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते, या डोळ्याचा भरवसा धरू नका. त्याने ते ऐकले होते. ऐकले म्हणूनच तर दुसऱ्या दिवशी तो कोटेशने काढायला बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने चष्मा वर करून विचारले, "काका, त्याच्यावर करणार काय?"

"बायकोला बहीण बघायचीय."

"मग गेमवाला घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. आठ जीबी मेमरी आणि साधी एसएसडी तुम्हाला जन्मभर पुरेल. पैसे घालायचे तर पडद्यात घाला. हा बघा, साडेपंधरा इंची. उजेडही चांगला. बत्तीस हजार पन्नास."

बाजारातल्या दुसऱ्या दुकानात तोच लॅपटॉप एकतीस हजार चारशेला मिळत होता. तिसऱ्या, घाऊक दुकानात गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "भाव मालकच सांगतात. ते बाहेरगावी गेलेत. सोमवारी या."

"दोन झाली ना?" बायको म्हणाली. "दुसरा स्वस्त आहे. घेऊन टाका."

"सोमवारपर्यंत थांब. हजारभर सुटले तर तुझ्या औषधाला होतील."

"मी कुठे पळून चाललेय? डोळ्याचं मात्र सांगता येत नाही," असे म्हणून ती हसली. तोही हसला. ते हसणे आता त्याला खायला उठते.

रविवारी सकाळी ती चहा ओतत होती. चहा कपाबाहेर सांडू लागला.

"अहो, दिवा लावा की," ती म्हणाली.

खिडकीतून आलेले ऊन ओट्यावर लख्ख पडले होते.

इस्पितळात करायचे ते सगळे केले. डोळ्यात रक्त उतरले होते. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितले, नजर परत येणार नाही. तिला सांगायची वेळच आली नाही, तिला ते कळले होते.

घरी आल्यावर तो म्हणाला, "लॅपटॉप आता राहू दे."

"राहू दे कसं? धाकटीला सांगून ठेवलंय, मोठ्या पडद्यावर बघणार आहे तुला. ती आधीच पडल्या पडल्या रडत असते. माझ्या डोळ्याचं तिला कळता कामा नये. घेऊन या."

म्हणून बारा तारखेला तो बँकेत गेला होता. दुसऱ्या दुकानातला लॅपटॉप विकला गेला होता, नवा यायला चार दिवस लागणार होते. परतताना घाऊक दुकान लागले. मालक गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. तो आत गेला नाही. तडक कोपऱ्यावर आला, खिशातले सगळे पैसे ठेवले आणि म्हणाला, "साडेसहाशे कमी आहेत."

"नंतर द्या, काका. रंग कुठला, राखाडी की निळा?"

"कुठलाही. फक्त सुरू करून द्या."

संध्याकाळी त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि तिला समोर बसवले. धाकटीचा चेहरा पडदाभर उमटला.

"ताई, दिसतेय ना मी?"

"दिसतेस की. केवढी मोठी दिसतेस. केस विंचरत जा गं जरा."

"अगं बाई, तेसुद्धा दिसतं?"

"आता माझ्यापासून काही लपायचं नाही."

धाकटी खळखळून हसली. तो कॅमेऱ्यात येणार नाही असा बाजूला बसला होता. बायकोचा चेहरा भलतीकडे वळला की हनुवटीला बोट लावून हळूच पडद्याकडे आणत होता. अर्धा तास दोघी बोलल्या. आईची, शाळेची, एकमेकींच्या चोरलेल्या रिबिनींची बोलणी झाली.

"बंद केलंत?" शेवटी तिने विचारले.

"केलं."

"आता सांगा. कशी आहे ती?"

लांबी, रुंदी, छटा, काही खोट असेल तर ती. मालाचे वर्णन लिहिण्यात त्याचे आयुष्य गेले होते.

"केस बरेच पांढरे झालेत. विंचरलेले नव्हते, तू बरोबर सांगितलंस. पुढचा एक दात पडलाय."

"गालावरचा तीळ?"

"आहे."

"आणि डोळे?"

"तुझ्यासारखेच," तो म्हणाला.

मग तिने हाताने चाचपून लॅपटॉपचे झाकण शोधले आणि मिटले.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे साडेसहाशे रुपये अजून द्यायचे आहेत.