हळदकाकूचं दूध

मोर्शीच्या आमच्या गल्लीत हळदकाकूची बोटं कोणी पिवळी नसताना पाहिली असतील, तर त्यानं पुढं यावं. तिचं खरं नाव रेशनकार्डावर असेल; आम्हाला ते कधी लागलंच नाही. परसात तिचे हळदीचे दोन वाफे होते. ती हळद स्वतः उकडायची, वाळवायची, घरीच कुटायची. बाजारची पूड पाहिली की नाक मुरडायची, "इतकी पिवळीजर्द असते काय हळद? रंग देल्ला हाय त्यात."

कोणी पडलं, खोकलं, की आधी काकू. मी स्कूटीवरून पडले तेव्हा तिनं घोट्यावर हळदीचा असा कढत लेप थापला, की मी गल्ली डोक्यावर घेतली. "कावून बोंबलून राहिली? पोळलं म्हंजे गुन येते!" सूज उतरली हे खरं, माझी पांढरी सलवार मात्र कायमची गेली. एक्स-रे काढायला हवा होता, एवढंच मी म्हटलं, तर बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. "पी हळद अन् हो गोरी!" म्हणून मी चिडवायची. ती म्हणायची, "घाई मानसाले असते वं, हळदीले नाही."

आणि घाई तिनंच केली. काकांचं अमरावतीला हृदयाचं ऑपरेशन झालं, झडप बदलली, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. माणूस निम्मा झाला. काकूचा जीव टांगणीला. मोबाईलवर कोणी तरी छातीठोकपणे सांगत होतं, हळदीच्या अर्कानं हृदय ठणठणीत होतं, मिरीसोबत तर जास्तच. जिनं जन्मभर बाजारची हळद उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, तिनं अर्काच्या कॅप्सूलची डबी विकत आणली! काका गोळ्यांना कंटाळलेले, म्हणून कॅप्सूल फोडून दोन्ही वेळा त्यांच्या दुधात टाकायची, वरून मिरपूड.

काही दिवसांत काकांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर काळेनिळे डाग. मीच गाडी करून दोघांना अमरावतीला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आमच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध?"

"नाही जी," काकू ठासून म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती हो. पडल्या-झडल्याला सगळ्या गल्लीला हळद लावणारी ही बाई. पण डॉक्टरपुढे हळदीचंही नाव घ्यायचं असतं, हे तिला सुचलंच नाही. मला मात्र ते पिवळे पेले दिसत होते. "अन् दूध, काकू?" मी म्हटलं.

सगळं ऐकून डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भाजीतली चिमूटभर हळद खुशाल खा. हा अर्क मात्र आजपासून बंद. रक्त आम्ही आधीच पातळ केलंय, यानं ते आणखी पातळ होऊ शकतं. कुठे आत रक्तस्राव झाला तर जिवावर बेतेल." काकांना दाखल करून घेतलं.

"म्हंजे मीच त्याईले..." काकूनं आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं.

पलंगावरून काका हळूच म्हणाले, "दुधात काही टाकतं, मले समजत होतं वं. कडू लागे दूध. पन तू इतक्या जीवानं देत होती."

"मंग तोंड शिवलं होतं काय तुमचं?" काकू इतक्या जोरात ओरडली, की सिस्टर धावत आली. मग ढसाढसा रडली. मीही रडले, लपवू कशाला!

काका त्यातून उठले. काकूनं हळद सोडली नाही, सोडेल कशी! पण लेप लावण्याआधी आता विचारायची, "गोळी कोन्ती चालू हाय? डाक्तरले सांगतलं काय?" तरण्याताठ्या पोरांनाही सोडायची नाही.

बऱ्याच वर्षांनी काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी तोवर अकोल्याला राहायला गेले होते, तिथून तशीच निघाले. घरात बायका जमल्या होत्या. काकूनं माझा हात ओढला आणि कानाशी येऊन विचारलं, "माह्या हातानं तं नाही गेले ना वं?"

"नाही वं काकू," मी म्हटलं, "तुह्याच हातानं इतके जगले."