दाराच्या कडेने जाणारे डॉक्टर

डॉक्टर यादवरावजींची आणि माझी ओळख आणीबाणी उठली त्या सालची. पत्नी सगुणा हिला घेऊन मी आसगावहून त्यांच्या पवनीच्या दवाखान्यात गेलो होतो. तिच्या डाव्या स्तनात गाठ होती. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आणि स्वभाव घोर करण्याचा. डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितल्यापासून मला धड झोप नाही. काही चुकले तर डॉक्टरसाहेबांनी सांभाळून घ्यावे.

आदल्या पावसाळ्यात आमची धाकटी यमू तापाने गेली होती. ती आईच्या डाव्या कुशीत निजायची, आणि गाठ नेमकी तिथेच आली. गावातल्या बाया म्हणत, "सगुणेनं दुःख मनात कोंडलं, त्याचीच गाठ झाली." सगुणा मात्र दिवेलागणीला गाठीवर थोपटायची, "निज, यमू." एकदा तिने माझा हात तिथे ठेवला. मला तो भाग यमूच्या कपाळासारखा तापलेला लागला. त्यानंतर तिच्याजवळ बसायचीही मला भीती वाटे.

डॉक्टरांनी तपासले. म्हणाले, "कॅन्सर वाटते. नागपूरले जाऊन काढून घ्या, नाही तर बाई वाचत नाहीत."

"हे गाठ नोहे," सगुणा म्हणाली. "माही यमू हाये. मी तिले कापू देत नाही."

मी घाबरून विचारले, "साहेब, घोरानं होते काय हे?"

"घोरानं झालं असतं, तर बाईच्या आधी तुमचाच नंबर लागला असता, भाऊ," ते हसले. मग गंभीर झाले. "दुःखानं गाठ होते, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण दुःखानं माणूस दवाखान्यात उशिरा येते, हे रोज पाहून राहिलो."

ते सगुणेपुढे स्टुलावर बसले. "बाई, यमूले हाक मारा."

तिने हाक मारली.

"कुठून ओ दिली?"

सगुणा कान देऊन बसली. तिचा हात छातीकडे गेला, थांबला, आणि तिने दाराकडे बोट केले. आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिले. पडदा तेवढा हालत होता.

"मंग यमू दारात हाये," डॉक्टर हळूच म्हणाले. "तिले राहू द्या तिथं. आपण फक्त गाठ काढू."

सगुणेने होकाराची मान हलवली. डॉक्टर नागपूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी आणायला बाहेर गेले, ते दाराच्या कडेने, कोणाला धक्का लागू नये तसे. नागपूरलाही एसटीने ते स्वतः आमच्यासोबत आले. तिथे गाठ काढली.

सगुणा आज माझ्या शेजारी बसून हे लिहिलेले ऐकते आहे. डॉक्टर आमच्या घरी येतात तेव्हा अजूनही दाराच्या कडेनेच आत येतात. काहून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मीही उंबरठ्याच्या मधोमध पाय ठेवत नाही.

डॉक्टरांनी साठी गाठली. मी वयाने मोठा, म्हणून आशीर्वाद देतो. त्यांची प्रकृती खणखणीत राहो, आणि पुष्कळ वर्षे ते आमच्याकडे असेच येत राहोत. दार सगुणा उघडेल. मधली जागा आम्ही मोकळी ठेवू.