माळावरच्या पिंजऱ्यात सापडला मोत्या

मंडळी, पाटसच्या माळावर मोकाट कुत्री हरणांची पाडसं मारतात, म्हणून आमचा गट पिंजरे लावून ती कुत्री पकडतो आणि त्यांची नसबंदी करून घेतो.

आज सकाळी पिंजऱ्यातलं कुत्रं मला बघून शेपूट हलवायला लागलं. जवळ गेलो, तर आमच्या मामांचा मोत्या! कोंबड्या मारतो म्हणून मामांनी वर्षापूर्वी त्याला इथं सोडलेलं.

फोन केल्यावर मामा आले. "ह्यो पाडसं मारतो व्हय?"

"व्हय मामा. परवा आम्हीच लांबून बघितलं, तेव्हा ओळखलं नाही. दुसरं काय खाणार तो?"

मामांनी गजातून हात घातला. मोत्या तो चाटत राहिला.

"मला वाटलं, इसरला आसंल," मामा म्हणाले आन् नसबंदीनंतर त्याला घरी न्यायचं कबूल केलं.

तुमच्यापैकी कुणी माळावर कुत्रं सोडलंय का? खरं सांगा.